श्वासाचें माप : अंगाची ठेवण आणि भोंवतालची हवा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असें एखादें वडीलधारें माणूस असेल, कीं ज्यास अलीकडे एका उशीवर झोंप येत नाहीं. प्रथम दोन उशा लागतात, मग उशीखालीं गोधडीची घडी येते, आणि अखेरीस एखाद्या रात्रीं दोन-अडीचच्या सुमारास तें माणूस उठून भिंतीस टेकून बसतें. घरांतील मंडळी विचारतात, तेव्हां "कांहीं नाहीं, जरा कोंडल्यासारखें झालें," असें उत्तर मिळतें. अर्ध्या तासानें त्यास बरें वाटतें, आणि सकाळीं गोठ्याच्या गडबडींत ती गोष्ट सर्वच विसरतात. वय झालें, हवा पालटली, रात्रींचें जेवण जड झालें, अशीं कारणें घरोघर दिलीं जातात. त्यांत थोडें तथ्य असतेंहि. परंतु निजल्यानें श्वास कां कोंडावा आणि उठून बसल्यानें तो कां मोकळा व्हावा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो विचारला आणि वेळींच दवाखाना गांठला, तर कित्येक माणसें हातीं लागतात. म्हणून ह्या अंकीं त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

श्वासोच्छ्वास हें लोहाराच्या भात्याचेंच काम होय. भात्याच्या फळ्या दूर केल्या म्हणजे आंत जागा वाढते व हवा आपोआप शिरते. त्या जवळ आणल्या म्हणजे ती बाहेर पडते. फुप्फुसांस स्वतः होऊन फुगतां येत नाहीं. त्यांच्या भोंवतीं बरगड्यांचा पिंजरा आहे, आणि तळाशीं, छाती व पोट ह्यांच्या मध्यें, घुमटाच्या आकाराचा स्नायूचा एक पडदा ताणलेला आहे. त्यास श्वासपटल म्हणतात. हा घुमट आंखडला म्हणजे सपाट होऊन खालीं सरकतो, छातींतील पोकळी वाढते आणि हवा आंत येते. शांत बसलेल्या मनुष्याच्या श्वासाचें बहुतेक काम हा एकटा पडदा करतो. साध्या श्वासांत तो एक-दोन सेंटिमीटर हलतो, दीर्घ श्वासांत सहा-सात सेंटिमीटरहि खालीं उतरतो. परंतु त्याच्या खालीं यकृत, जठर व आंतडीं ह्यांनीं गच्च भरलेली कोठी आहे. पडदा उतरूं लागला कीं ह्या सर्वांस पुढें सरकावें लागतें, म्हणूनच श्वास घेतांना पोट पुढें येतें. पोटास पुढें येण्यास वाव नसेल, किंवा पोटाचा भारच पडद्यावर रेलला असेल, तर श्वास तेवढा अपुरा पडतो. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील बहुतेक गोष्टी समजण्यास अडचण पडत नाहीं.

आतां थोडा हिशेब पाहूं. विसाव्यांत असलेला प्रौढ मनुष्य एका श्वासांत सुमारें अर्धा लिटर हवा घेतो, आणि असे श्वास मिनिटास बारा ते सोळा होतात. चौदा धरले तर मिनिटास ७ लिटर, आणि अहोरात्र मिळून सुमारें १०,००० लिटर हवा होते. श्वास सोडल्यावरहि फुप्फुसें रिकामीं होत नाहींत. दोन-अडीच लिटर हवा आंत शिल्लक राहते. ही शिल्लक अडीअडचणीसाठीं कोठारांत ठेवलेल्या धान्यासारखी समजावी. दोन श्वासांच्या मधल्या काळांत रक्तास ऑक्सिजन मिळतो तो हिच्यांतून, आणि हिच्याच फुगवट्यामुळें फुप्फुसांतील केंसासारख्या बारीक नळ्या मिटत नाहींत.

श्वासाचें माप शास्त्रीय पद्धतीनें घेण्याचें मोठें काम इंग्लंडांतील जॉन हचिन्सन ह्या शस्त्रवैद्यानें केलें. पाण्यावर तरंगणाऱ्या पालथ्या भांड्याचें एक श्वासमापक यंत्र तयार करून त्यानें २,००० हून अधिक लोकांचे श्वास मोजले व १८४६ सालीं तें सर्व प्रसिद्ध केलें. पुरा श्वास भरून घेऊन मग जितकी म्हणून हवा बाहेर सोडतां येते, तितकीस त्यानें जीवनशक्तीचें माप अशा अर्थाचें नांव दिलें. आमच्याकडील धडधाकट पुरुषांत हें माप साधारण तीन ते चार लिटर भरतें. मनुष्य जितका उंच तितकें माप अधिक, हें तर त्यानें दाखविलेंच. पण तोच मनुष्य उभा असतां माप सर्वांत अधिक, बसला असतां किंचित् कमी, आणि निजला असतां त्याहूनहि कमी भरतें, हेंहि त्यानें नोंदून ठेविलें. ह्या नोंदीस पुढें कोणी खोटें पाडलेलें नाहीं.

निरोगी तरुणास ह्या फरकाची जाणीवहि होत नाहीं. तो पाठीवर उताणा निजला कीं पोटांतील इंद्रियें छातीकडे सरकतात, पडदा वर ढकलला जातो, आणि आंतील शिल्लक हवा अर्ध्या ते पाऊण लिटरानें कमी होते. त्याच्या कोठारांत पुष्कळ धान्य असल्यामुळें हा तोटा त्यास सोसतो. वय वाढूं लागलें म्हणजे मात्र फुप्फुसांचा ताठपणा सैल होतो, बारीक नळ्या लवकर मिटूं लागतात, आणि त्या उघड्या ठेवण्यास अधिक शिल्लक लागते. शास्त्रज्ञांच्या मापाप्रमाणें चव्वेचाळीसच्या आसपास अशी वेळ येते कीं, उताणें निजलें असतां साध्या श्वासांतहि तळच्या कांहीं नळ्या मिटतात. पासष्टीनंतर बसल्या जागींहि तसें होऊं लागतें. म्हाताऱ्या माणसास उशी उंच लागते तिचें एक कारण हें. ह्यांत रोग नाहीं, आणि घाबरण्याचेंहि कारण नाहीं.

परंतु दुसरें एक कारण आहे, आणि तें वेगळें ओळखतां आलें पाहिजे. दिवसभर उभें राहिल्यानें व बसल्यानें शरीरांतील रक्ताचा व पाण्याचा बराच भाग पायांकडे उतरलेला असतो. आडवें होतांच त्यांतील सुमारें अर्धा लिटर रक्त छातीकडे परत येतें. चांगलें हृदय हा जादा माल सहज पुढें ढकलतें. दुबळ्या हृदयास तो उरकत नाहीं. मग तें रक्त फुप्फुसांत तुंबतें, आणि त्यांतील पाणी पाझरून हवेच्या जागेंत उतरूं लागतें. पाटाचें पाणी पुढच्या बाऱ्यांत जाण्यास वाट न मिळाल्यास मागच्या वाफ्यांत कसें चढतें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणून असा मनुष्य निजल्यावर लगेच, किंवा एक-दोन तास झोंप झाल्यावर, गुदमरून उठतो. पाय खालीं सोडून बसला कीं रक्त पुन्हां खालीं उतरतें आणि श्वास मोकळा होतो. बरें वाटलें ह्याचा अर्थ दुखणें गेलें असा मुळींच नव्हे. पाण्यास तात्पुरती दुसरी वाट मिळाली, इतकाच त्याचा अर्थ.

ओळखण्याच्या खुणा अशा. उशा वाढत जाणें. सायंकाळीं पायांच्या घोट्यांवर सूज येणें व तेथें बोट दाबलें असतां खड्डा राहणें. पूर्वीं सहज चढत असलेला बांध किंवा जिना चढतांना थांबावें लागणें. थोड्याच दिवसांत वजन वाढणें. ह्यांतील दोन खुणा जरी एकत्र दिसल्या, तरी त्याच आठवड्यांत माणूस डॉक्टरांकडे न्यावें, आणि "किती उशा लागतात" हें आपण होऊन सांगावें. आमच्या लोकांस दवाखान्यांत गेल्यावर ताप आणि खोकला एवढेंच सांगण्याची संवय असते. उशांची गोष्ट घरगुती वाटून राहून जाते. डॉक्टरांच्या दृष्टीनें तीच सर्वांत मोलाची असते.

रात्रीं अचानक जोराची धाप लागली, ओठ काळेनिळे पडले, बोलणें तुटूं लागलें किंवा फेसाळ लालसर थुंकी पडली, तर सकाळची वाट पाहूं नये. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णास खाटेच्या कडेवर पाय खालीं सोडून बसवावें, पाठीस लोड द्यावा, बंडीच्या गुंड्या व कमरेचा करदोटा सैल करावा. त्यास बळेंच आडवा करून अंगावर घोंगडी टाकणारे मायाळू नातलग आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या मायेविषयीं शंका नाहीं, परंतु तसें करणें घातक आहे. धाप लागलेला मनुष्य ज्या बैठकीस स्वतः होऊन बसतो, तीच त्याच्या शरीराची मागणी असते. ती मोडूं नये. तोंडांत काढा, मध किंवा पाणी घालण्याचाहि आग्रह त्या वेळीं धरूं नये.

जुन्या दमेकऱ्यांची व धुरानें, विडीनें किंवा चुलीनें छाती खराब झालेल्यांची बैठक निराळी असते. तीं माणसें पुढें वांकून, हात गुडघ्यांवर किंवा समोरच्या पाटावर रोंवून बसतात. ह्यांचीं फुप्फुसें हवा कोंडल्यामुळें अगोदरच फार फुगलेलीं असतात, आणि घुमट सपाट होऊन बसल्यामुळें त्याचा जोर चालत नाहीं. हात रोंवून खांदे पक्के केले म्हणजे मानेचे व छातीचे जे स्नायु एरव्हीं हात उचलण्यास लागतात, ते बरगड्या उचलण्याच्या कामीं लागतात. आणि पुढें झुकल्यानें पोटाचा रेटा पडद्यास खालून मिळून तो पुन्हां थोडा घुमटाकार होतो. ओझें टाकून उभा राहिलेला हमाल गुडघ्यांवर हात ठेवतो तोहि ह्याच कारणानें.

येथें कोणी विचारील कीं, वांकणें जर हितकारक, तर निंदणी-खुरपणी करतांना धाप कां लागते? वांकण्यावांकण्यांत अंतर आहे. पाठ सरळ ठेवून कमरेंतून पुढें झुकणें निराळें, आणि मांड्या पोटाशीं आवळून, पाठीची कमान करून, भरल्या पोटीं ओणवें होणें निराळें. दुसऱ्या प्रकारांत पोट पुढें येण्याची वाट मांड्यांनीं अडविलेली असते व बरगड्याहि मिटलेल्या असतात. जेवण होतांच लगेच वांकण्याचें काम घेऊं नये, कमरेस पट्टा किंवा कासोटा फार आवळूं नये, आणि लांब दांड्याचें खुरपें किंवा हातकोळपें मिळत असेल तर तें घ्यावें, असें आमचें सांगणें आहे. कांदालागणीच्या व ऊंसतोडीच्या दिवसांत गर्भार स्त्रियांस वांकण्याचें काम दिलें जातें, तें तर शक्य तों टाळलेंच पाहिजे. त्यांच्या पोटांतील वाढता गर्भ पडदा आधींच वर ढकलीत असतो. सहावा महिना लागल्यावर त्यांनीं उताणें निजण्यापेक्षां कुशीवर, विशेषतः डाव्या कुशीवर, निजणें बरें. उताणें निजल्यानें गर्भाचा भार खालच्या अंगाकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या नसेवर पडतो.

वांकण्याची आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. अमेरिकेंतील कांहीं डॉक्टरांनीं २०१४ सालीं असें दाखवून दिलें कीं, खुर्चीवर बसून पायांतील जोड्याची नाडी बांधण्यासारखें पुढें वांकलें असतां ज्यांस अर्ध्या मिनिटाच्या आंत धाप लागते, अशा हृदयरोग्यांच्या हृदयांत रक्ताचा दाब आधींच वाढलेला असतो. आमच्याकडे जोड्यांस नाड्या थोड्या. पण चप्पलेचा पट्टा, पंपाची कळ, गाईची धार, ह्यांसाठीं सर्वच वांकतात. जो मनुष्य पूर्वीं दोन्ही म्हशींची धार एका बैठकीस काढीत असे, त्यास आतां एका म्हशीशीं धाप लागत असेल, तर तो केवळ आळस समजूं नये.

उताणें, बसतें आणि वांकतें ह्यांखेरीज चौथी ठेवण म्हणजे पालथें निजणें. करोनाच्या सांथींत हिचें नांव खेडोपाडीं झालें. फुप्फुसांचा बराच मोठा भाग पाठीकडे असतो, आणि उताण्या मनुष्यांत त्याच्यावर हृदयाचा व पोटाचा भार पडून तो चेपतो. पालथें केलें कीं तो भाग उघडतो. फ्रान्समधील डॉक्टरांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मोठ्या प्रयोगांत, कृत्रिम श्वासावर ठेवलेल्या अत्यवस्थ रुग्णांपैकीं उताण्या ठेवलेल्यांत २८ दिवसांत शेंकडा सुमारें ३३ दगावले, तर दिवसाचे बरेच तास पालथ्या ठेवलेल्यांत शेंकडा १६. इतका फरक एखाद्या महागड्या औषधानेंहि क्वचितच पडतो. एप्रिल २०२१ मध्यें केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयानें घरीं असलेल्या करोनाच्या रुग्णांसहि, बोटास लावावयाच्या यंत्रांतील ऑक्सिजनचा आंकडा ९४ च्या खालीं गेल्यास, पालथें निजण्याची सूचना दिली होती. तींतच जेवणानंतर तासभर, गर्भारपणांत व मोठ्या हृदयविकारांत तसें करूं नये, असेंहि सांगितलें होतें. हा उत्तरार्ध लोक विसरले. ज्याची धाप हृदयामुळें आहे त्यास पालथा घालणें हा उपाय नव्हे; त्यास बसविलेंच पाहिजे.

आतां भोंवतालच्या हवेकडे वळूं. बाहेरची हवा कितीहि गार किंवा कोरडी असो, ती फुप्फुसांच्या तळाशीं पोंचेपर्यंत ३७ अंश सेल्सिअस उष्ण आणि वाफेनें पूर्ण भरलेली व्हावी लागते. हें काम नाक करतें. त्यांतील वळणें व ओला पडदा हवेस ऊब व ओलावा देतात, आणि श्वास बाहेर जातांना त्यांतील थोडा परत घेतात. ३७ अंशांवर एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर, हवेंत सुमारें ४४ ग्रॅम वाफ मावते. पौषांतील पहाटेच्या १० अंशांच्या हवेंत, ती धुक्यानें भरलेली असली तरी, ९ ग्रॅमांहून थोडीच अधिक असते. म्हणजे दर हजार लिटरांमागें जवळजवळ ३५ ग्रॅम पाणी शरीरानें पुरवावयाचें. विसाव्यांत हा पुरवठा सहज होतो. पण फावडें हातीं घेऊन बारें देणारा मनुष्य मिनिटास ३५ ते ४० लिटर हवा ओढतो; चार तासांत त्याच्या छातींतून विसाव्याच्या सबंध अहोरात्राइतकी हवा जाते. इतक्या वेगानें हवा लागूं लागली म्हणजे नाक पुरत नाहीं, तोंड उघडतें, आणि गार कोरडी हवा नाकाचें जकात-नाकें टाळून थेट नळ्यांत शिरते. नळ्यांचें अस्तर सुकतें व गार पडतें. निरोगी मनुष्यास ह्यानें थोडा खोकला येईल. दमेकऱ्याच्या नळ्या मात्र आंखडूं लागतात, छातींत सूं-सूं आवाज येतो आणि धाप लागते. नुसतें तोंड व अंग गार पडलें, तरीहि ह्या नळ्या थोड्या आंखडतात.

ह्यांत वेळेची भर पडते. दमेकऱ्यांच्या श्वासनळ्या चोवीस तासांत सर्वांत अधिक आंखडलेल्या असतात त्या पहाटे चारच्या सुमारास. थंडीचा कडाकाहि त्यानंतर सूर्योदयापर्यंत वाढतच असतो; निफाडसारख्या भागांत कांहीं हिवाळ्यांत पारा ५ अंशांखालीं उतरतो. आणि जेथें शेतीची वीज रात्रीं येते, तेथें पाणी धरण्याची पाळी नेमकी ह्याच वेळेस पडते. विजेची वेळ बदलून घेणें एकट्यादुकट्याच्या हातीं नाहीं. त्यासाठीं गांवानें एकत्र होऊन मागणी केली पाहिजे, आणि ती करावी असें आमचें स्पष्ट मत आहे. तोंवर घरांतील दमेकऱ्यानें पहाटेची पाळी घेऊं नये, ती दुसऱ्यास द्यावी. जाणेंच भाग असेल, तर नाकातोंडावरून सुती उपरणें किंवा मफलर दुहेरी बांधावी. सुटणाऱ्या श्वासाची ऊब व ओल त्या कापडांत अडकते व पुढच्या श्वासास परत मिळते. नाकाचेंच काम कापड करतें. डॉक्टरांनीं दिलेला तोंडांत ओढावयाचा पंप खिशांत असावा, आणि कामास एकदम जोरानें हात न घालतां दहा-पंधरा मिनिटें हलकें काम करून मग लागावें. पंपाची "संवय लागते" म्हणून तो टाकून देणारे पुष्कळ आहेत; त्यांस आम्हीं इतकेंच विचारतों कीं, चष्म्याची संवय लागते म्हणून कोणी तो फेंकतो काय?

थंडीच्या भयानें दारेंखिडक्या लावून आंत कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल मात्र दम्याहूनहि वाईट आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशांतून निघणारा कार्बन मोनॉक्साईड हा वायु दिसत नाहीं, त्यास वास नाहीं, आणि रक्तास तो ऑक्सिजनपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. निजलेला मनुष्य त्यांत जागा न होतांच जातो. खोली तापवावयाची असेल तर निजण्यापूर्वीं तापवावी आणि शेगडी बाहेर नेऊन ठेवावी.

उन्हाळ्याविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. मनुष्य आपली उष्णता मुख्यतः घामानें टाकतो, श्वासानें नव्हे. म्हणून विदर्भांतील मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हांतहि कोरड्या हवेनें निरोगी फुप्फुसांस विशेष इजा होत नाहीं. शरीराचेंच तापमान चढूं लागलें म्हणजे मात्र श्वास जलद होतो, आणि ती ऊन लागल्याची खूण समजावी. खरी अडचण उष्ण आणि दमट हवेची. हरितगृहांत दुपारीं शिरणाऱ्यांस, गुऱ्हाळाच्या कढईवर उभे राहणाऱ्यांस हा अनुभव आहे. अशा हवेंत घाम वाळत नाहीं; शिवाय दमेकऱ्यांच्या नळ्या तप्त दमट हवेनेंहि आंखडतात, हें प्रयोगांनीं ठरलेलें आहे. हरितगृहांतील कामें सकाळीं नऊपूर्वीं उरकावीं.

श्वास मोजणाऱ्या यंत्रासहि उष्णतेचा हिशेब ठेवावा लागतो. जमीन मोजण्याची लोखंडी सांखळी उन्हांत किंचित् लांबते हें मोजणीच्या कामांतील लोक जाणतात, पण तो फरक सोडून देण्याइतका असतो. हवेचें तसें नाहीं. ३७ अंशांचा श्वास २० अंशांच्या खोलींतील भांड्यांत सोडला कीं तो थंड होऊन आंखडतो, त्यांतील वाफेचें पाणी होतें, आणि माप जवळजवळ दहावा हिस्सा कमी भरतें. आजकालचीं यंत्रें ही दुरुस्ती आपण होऊन करतात. परंतु फुंकावयाची बैठक तीं पाहूं शकत नाहींत. म्हणून एकदां बसून व एकदां उभें राहून घेतलेलीं मापें एकमेकांशीं ताडून पाहूं नयेत. तपासणी दर वेळीं ताठ बसूनच करावी, आणि जुने कागद बरोबर न्यावे.

शेवटीं गोठ्याकडे येऊं. कारण तेथें हीच विद्या अधिक वेळां उपयोगीं पडते. जन्मतांच श्वास न घेणारें वासरूं मागच्या पायांनीं टांगून झुलविण्याची चाल सर्वत्र आहे. टांगल्यावर तोंडांतून जें पाणी गळतें, तें बहुतेक पोटांतील असतें. आणि सगळीं आंतडीं पडद्यावर येऊन पडल्यामुळें वासराचा पहिलाच श्वास जड होतो. त्याऐवजीं नाकातोंडांतील चिकट बोटांनीं काढून टाकावा, वासरूं छातीवर बसतें करून चारहि पाय दोहों बाजूंस घ्यावे, म्हणजे दोन्ही फुप्फुसें मोकळीं राहतात. मग नाकपुडींत गवताची काडी घालून शिंक आणावी, कानांत थोडें गार पाणी घालावें, आणि वाळक्या पोत्यानें अंग जोरानें पुसावें.

उन्हाळ्यांत दुपारीं गाईच्या कुशीकडे पाहून मिनिटाचे श्वास मोजण्याची संवय ठेवावी. सावलींत विसाव्यास असलेल्या गाईचे ते वीस-तीस असतात. साठांच्या वर गेले तर तिला उष्णतेचा त्रास होत आहे असें समजून पाणी मारावें व वारा मिळेल अशा जागीं बांधावें. म्हशीस घाम थोडा येतो, म्हणून ती आधीं धापा टाकते. कोंबड्यांस घाम मुळींच येत नाहीं, आणि त्यांच्या शरीरांत श्वासपटलहि नसतें. छातीचें हाड पुढेंमागें हलवूनच त्या श्वास घेतात. छाती मुठींत आवळून धरलेली, किंवा पायांनीं उलटी लोंबवून बाजारांत नेलेली कोंबडी ह्या कारणानें गुदमरते. ती हाताखालीं सरळ धरून, छाती मोकळी ठेवून न्यावी.

व्यालेली गाय दुधाच्या तापानें आडवी पडली, तर डॉक्टर येऊन कॅल्शियम देईपर्यंत ती एका अंगावर सपाट पडूं देऊं नये. तशा स्थितींत तिला ढेंकर येत नाहीं. कोठा वायूनें फुगतो, पडद्यावर चढतो आणि श्वास कोंडतो. चारपांच माणसांनीं मिळून तिला छातीवर बसती करावें, दोन्ही कुशींस भुशाचीं पोतीं लावावीं, मान वर ठेवावी. आणि गिळण्याची शक्ति नसतांना नळकांड्यानें कांहींहि पाजूं नये, कारण तें पोटांत न जातां फुप्फुसांत जातें.